पुराची पिशवी

आबा, आज दुपारी जेवणं आटोपल्यावर मी स्वयंपाकघरात पुराची पिशवी उलटी केली आणि आतलं सगळं फरशीवर मांडलं. मृग लागायला चार दिवस आहेत. तुम्ही मृगाच्या आधी हेच करायचा. आई चुलीपाशी चटणी वाटत बसलेली असायची आणि तुम्ही तिच्या पाठीमागं पोतं अंथरून एकेक वस्तू काढायचा. रेशनकार्ड, आमचे शाळेचे दाखले, सातबारा, आईच्या दम्याच्या गोळ्या, मेणबत्त्या, काडेपेटी, दोरी, एक सुती लुगडं, गूळ आणि भाजलेले शेंगदाणे. काडेपेटी तुम्ही दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गाठ मारून ठेवायचा. पिशवी तुम्हीच खताच्या पोत्याची शिवलेली, टाके वाकडे, पण पाणी आत जायचं नाही. आई म्हणायची, एवढं मन संसारात घातलं असतं तर घराला दुसरी खोली झाली असती. तुम्ही हसायचा नाही. पाटबंधारे खात्यात पुलावर पाणी मोजायचं काम करणारा माणूस पाण्याच्या गोष्टीवर हसत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

एका वर्षी मी आणि धाकट्यानं त्या पिशवीतला गूळ आणि शेंगदाणे खाऊन टाकले आणि बाकीचं कसंबसं कोंबून पिशवी खुंटीला लावली. तुम्हाला वजनावरूनच कळलं. तुम्ही मला मारलं नाहीत. भर दुपारी स्वयंपाकघराचं दार लावलंत, खिडकीला घोंगडं लावलंत आणि म्हणालात, "आता काडेपेटी काढ." मी चाचपडत राहिले. हाताला दोरी यायची, कागद यायचे, मेणबत्ती यायची. तुम्ही अंधारात हळू आवाजात आकडे मोजत होता. मला रडू फुटलं तरी तुम्ही मोजणं थांबवलं नाहीत. शेवटी काडेपेटी सापडली तेव्हा तुम्ही घोंगडं काढलंत आणि म्हणालात, "दोनशे झालं. तवर पानी चुलीत आलं आसतं." त्यानंतर महिनाभर तुम्ही मला रोज डोळे मिटून ती पिशवी भरायला आणि रिकामी करायला लावलीत. मला अजून येतं ते. वर कागद, डाव्या अंगाला औषध, उजव्या अंगाला उजेड, तळाला कापड.

आणि मग पुढच्याच श्रावणात पाणी आलं. तुम्ही आदल्या दिवसापासून पुलावरच्या चौकीत होता. खांबावरचे आकडे दर तासाला वाचायचे आणि फोनवरून खाली कळवायचे. आमची आळी सकाळी दहापर्यंत रिकामी झाली. आई मात्र उंबऱ्यावर बसून राहिली, तुम्ही याल म्हणून. चौकी घरापासून दोन मैलांवर, रस्ता उंचावरचा, अजून कोरडा होता. परड्यात म्हस बांधलेली. तिची साखळी खांबाला अशी अडकायची की तुमच्याशिवाय कुणाला ती सुटायची नाही. पाणी पायरीला लागलं तेव्हा आईनं पिशवी काढली, धाकट्याला काखेला मारलं आणि मला पुढं घातलं. देवळाच्या टेकाडावरून आम्हाला म्हशीचा आवाज ऐकू येत होता. दुपारी कधीतरी तो थांबला. तुम्ही तिसऱ्या दिवशी आलात. दाढी वाढलेली, पाय पाण्यानं पांढरे पडलेले. आमच्याकडं बघून पहिलं वाक्य काय बोललात, ते मी विसरलेले नाही. तुम्ही विचारलंत, "पिशवी आनली का?" आई म्हणाली, "आनली. म्हस न्हाई सुटली." तुम्ही मान हलवलीत, उभ्यानं भाकरी खाल्लीत आणि परत पुलावर गेलात.

त्या दिवसापासून मी तुमच्यावर राग धरला, आबा. तो कुणाला दिसला नाही, कारण मी कामं करत राहिले, तुम्हाला ताट वाढत राहिले. लग्नात सगळ्यांनी भांडी दिली आणि तुम्ही मला एक पिशवी दिलीत, नवीन, ताडपत्रीची, आत माझे दाखले आणि एक बॅटरी. मांडवात लोक हसले. तुमचे जावई पहिल्या रात्री म्हणाले, तुझ्या वडलांनी परत यायची सोय करूनच पाठवलंय की. मी ती पिशवी ट्रंकेच्या तळाला टाकली. सांगलीकडचं हे गावही नदीकाठचंच, तुम्ही ते बघूनच दिली असणार, पण तेव्हा मला तुमचं काही बघायचं नव्हतं. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा मी महिनाभर येऊन राहिले होते. एके सकाळी पेज भरवताना मी विचारलं, त्या दिवशी तुम्ही का आला नाहीत. दोन मैल तर होतं. तुम्ही म्हणालात, "तासाचा आकडा आसतो." एवढंच. मी वाटी खाली ठेवली आणि बाहेर गेले. पुढच्या आठवड्यात तुम्ही गेलात. त्याला आता बावीस वर्षं झाली.

तुम्हाला माहीत नाही, मी नंतर आशाताईचं काम धरलं. गावातल्या गरोदर बाया, तान्ही मुलं, म्हाताऱ्यांच्या गोळ्या हे सगळं माझ्या वहीत असतं. पावसाळ्याच्या तोंडाला घरोघर जाऊन पुराची पिशवी कशी भरायची ते सांगणंही माझ्याकडंच. वरून एक छापील यादी येते, पण मी ती वाचत नाही, मी तुमचीच सांगते. बाया म्हणतात, ताई, तुम्हाला पाठ हाय की. मागच्या श्रावणात धरणातून पाणी सोडल्याचे निरोप यायला लागले. दोन दिवस मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत दारं वाजवत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला मी घरातून निघाले तेव्हा आमची स्वतःची पिशवी अर्धी भरलेली होती. तुमचे जावई फलटणला साखर कारखान्यात फिटर आहेत, तिकडून येणारा रस्ता बंद झाला होता. घरात माझी मुलगी, एकोणीस वर्षांची, आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. आत्यांचं खुब्याचं हाड मोडलेलं, चार महिने खाटेवर. मुलगी म्हणाली, "आई, आजी मला एकटीला उचलायची न्हाई." मी म्हणाले, "तू पिशवी भर. मी एकच्या आत येते."

मला ओढ्यापलीकडच्या मळ्यातल्या वस्तीवर जायचं होतं. तिथं सहाच घरं, त्यातल्या एका घरात दिवस भरत आलेली सून. नवरा फौजेत, सीमेवर. घरात सासू आणि सासरे. ओढ्यावरच्या फरशी पुलावरून मी गेले तेव्हा पाणी पुलाच्या खाली वीतभर होतं. नदी चढली की तिचं पाणी ओढ्यातून उलटं वर येतं, आणि पूल बुडाला की वस्तीचा आणि गावाचा संबंध तुटतो. पाच घरांनी तोवर ट्रॅक्टर भरायला घेतला होता. फौजीचे वडील मात्र ओट्यावर शांत बसून होते. मला म्हणाले, "आवं ताई, हितं पानी कवाच आलं न्हाई. आमच्या आज्ज्यानं सुदिक बघितलं न्हाई." मी त्यांच्याशी वाद घातला नाही. आत जाऊन सुनेला विचारलं, पिशवी भरलीस का. तिनं दाखवली. आत देव्हाऱ्यातले टाक, उताऱ्याची गुंडाळी, सासूची नवी पैठणी, नवऱ्याचा वर्दीतला फोटो. दवाखान्याची फाईल नव्हती. बाळाला गुंडाळायला फडकं नव्हतं. मी सगळं खाली ओतलं आणि पुन्हा भरायला घेतलं, वर फाईल, डाव्या अंगाला औषध, तळाला जुनी मऊ लुगडी. टाक कडेला बसवले, ते काढायचा मला अधिकार नव्हता. भरताना बघितलं तर ती भिंतीला धरून उभी होती आणि तिच्या ओठांवर घाम होता. म्हणाली, पहाटेपासून कंबर धरलीय, सासूबाईंना सांगितलं न्हाई, उगाच घाबरत्याल.

मी घड्याळ बघितलं. पावणेबारा. दारात येऊन ओढ्याकडं बघितलं तर पाणी पुलाला टेकलेलं. आत्ता पळत सुटले असते तर घरी पोचले असते. आबा, मी तिथं उभी होते आणि मला परड्यातली साखळी दिसत होती. सासरे माझ्याकडं बघत होते. त्यांना कळलं असावं, कारण पहिल्यांदाच ते ओट्यावरून उठले आणि म्हणाले, "ताई, तुमी जाऊ नगा. हिचं कुनी न्हाई हितं जानतं." सासू माझ्या हाताला धरून उभी राहिली. मी पदर खोचला आणि ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली. पलीकडच्या बाजूनं वर सडकेला निघायची एक वाट आहे, खड्ड्याखड्ड्यांची. ट्रॉलीत गवत टाकून, वर गाद्या अंथरून आम्ही तिला झोपवलं. निघताना मागं बघितलं तेव्हा पुलाचे कठडे तेवढे पाण्याच्या वर होते. तालुक्याच्या दवाखान्यात पोचायला दीड तास लागला, कळा वाढत होत्या, मी तिचं डोकं मांडीवर धरून तिला श्वास घ्यायला सांगत होते आणि माझा स्वतःचा श्वास मला ऐकू येत नव्हता. दोन वाजून वीस मिनिटांनी मुलगी झाली. बाळ आधी रडलं नाही. सिस्टरनं पाठीवर चोळलं, मग रडलं.

आमच्या घरात पाणी एकच्या सुमाराला शिरलं. हे मला मुलीनं सांगितलं नाही, नंतर कानावर आलेलं शेजारच्या काकूंनी सांगितलं. आमची आळी तोवर निघून गेली होती. मुलगी उंबऱ्यावर बसून होती, वाटेकडं बघत. पाणी खाटेच्या पायांना लागलं तेव्हा ती गुडघाभर पाण्यातून कोपऱ्यापर्यंत गेली आणि ओरडून पुढच्या गल्लीतल्या दोघांना बोलावून आणलं. प्लॅस्टिकच्या खुर्चीत आत्यांना बसवून त्यांनी उचललं. पिशवी हिच्या डोक्यावर. वळणावर गटाराच्या खड्ड्यात एकाचा पाय गेला आणि खुर्ची कलंडली. आत्या पाण्याखाली गेल्या. हिनं पिशवी न सोडता एका हातानं त्यांना केसाला धरून वर ओढलं. शाळेत पोचल्यावर तिनं पिशवी उघडून आत्यांच्या गोळ्या कोरड्या काढून दिल्या, पाणी मागून आणलं, आणि मग वऱ्हांड्यात जाऊन उलटी केली. आत्या अजून आहेत. तिनं त्यांची वेणी घालायला घेतली की त्या अजून अंग चोरतात.

मी तिसऱ्या दिवशी होडीतून शाळेत पोचले. तिनं मला चहा आणून दिला. "बस आई, दमली आसशील," म्हणाली. पाहुण्याशी बोलावं तशी ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मी तिला जवळ घ्यायला हात केला तर ती कप घेऊन विसळायला गेली. चार दिवसांनी घरातला गाळ काढताना, माझ्याकडं पाठ करून, तिनं विचारलं, "मी तुला फोन केलता. एकदा वाजला, मग बंदच लागला. बॅटरी संपली व्हती का?" मी हो म्हणाले. गावात दोन दिवस लाईट नव्हती, तेव्हा ते कुणालाही पटण्यासारखं होतं. तिलाही पटलं असावं. फौजीच्या घरून पेढे आले तेव्हा तिनंच ते आळीत वाटले. लोक म्हणाले, तुझ्या आईनं दोन जीव वाचवले. तीही हो म्हणाली.

हे वर मी गाळलं, आबा. ट्रॉली सडकेला लागली तेव्हा फोन वाजला होता. पडद्यावर तिचा फोटो येतो, जत्रेत काढलेला. मी तो दोन रिंगा होईपर्यंत बघितला. उचलला असता आणि तिचा आवाज ऐकला असता तर मी ट्रॉलीतून उडी टाकली असती, त्या बाईला तशीच सोडून. म्हणून मी बाजूचं बटण दाबून धरलं, पडदा काळा होईपर्यंत. बॅटरी अर्धी होती.

आता ती पाचच्या एस्टीनं येईल. हे तिला सांगायला पाहिजे, तुम्हाला सांगून काय उपयोग, एवढं मला कळतं. दहा महिने मी रोज ठरवते आणि रोज ती आल्यावर तिला विचारते, चहा टाकू का. आजही तेच विचारीन. तुम्हाला लिहिलं, कारण तुमच्यापुढं मला मान वर करून उभं राहावं लागत नाही.