किमान पाच विद्यार्थी

३ जानेवारी, मंगळवार

वही, माफ कर. दीड महिना तुला हात लावला नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही – लिहिलं की खरं होईल, अशी भीती वाटत होती. आता झालंच आहे खरं. लिहितो.

काचखोली काढून घेणार आहेत. कॉलेजची काचकामाची खोली – जिथे एकेचाळीस वर्षं मी प्रयोगशाळेची भांडी फुंकली, नळ्या जोडल्या, पोरांनी फोडलेलं सांधलं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी आठवड्यातून तीन सकाळी जातो. दुसरा कुणी हे करणारा नाहीच! दारावर नोटीस: 'सदर खोलीत चालू सत्रात एकही अभ्यासक्रम न चालल्यास ती झेरॉक्ससाठी देण्यात येईल.' झेरॉक्ससाठी!

आणि नोटीस वाचत उभा होतो, तेवढ्यात मागे पाच पोरं. पुढे एक चष्मेवाली.

"आजोबा, आम्हाला काचकाम शिकायचंय. विद्यार्थ्यांनी स्वतः आखलेला गट-अभ्यास असतो कॉलेजात. विषय आम्ही ठरवायचा, शिकवणारा आम्ही शोधायचा. क्रेडिटसुद्धा मिळतात. तुम्ही शिकवाल?"

मी म्हटलं, बाई, मी सातवी पास. तीही काठावर.

"मग काय झालं?"

काय झालं ते नियमांत आहे. अकरा पानं नियम. आणि ती अकरा पानं लिहिली आहेत माझ्या लेकीने! कॉलेजच्या कार्यालयात असते ती – अभ्यासक्रम समितीची सचिव. मी तिच्याच घरात राहतो, तिच्याच हातचं जेवतो. तिला अजून सांगितलेलं नाही.

५ जानेवारी, गुरुवार

नियम चारदा वाचले. बोट ठेवून. विषय आधी कुठे शिकवला जात नसावा – नाहीच जात. बाहेरचा माणूस शिकवू शकतो, पण कायम प्राध्यापकाने जबाबदारीची सही करावी. किमान पाच विद्यार्थी. तिसऱ्या शुक्रवारी पाच वाजेपर्यंत पक्की यादी, एक जरी कमी तरी अभ्यासक्रम रद्द. वाचनाची यादी जोडावी. 'शिक्षणनिष्पत्ती' लिहावी.

चष्मेवालीला विचारलं, हे निष्पत्ती म्हणजे काय गं?

"म्हणजे शेवटी आम्हाला काय येईल ते."

मी म्हटलं, फोड येतील.

तिने तसंच लिहिलं आणि मग खोडलं. लांब्या म्हणून एक पोरगा आहे त्यांच्यात, ताडासारखा उंच – तो हसून हसून बाकावरून पडला. मी ओरडलो – इथे हसायचं तर हात पाठीमागे बांधून हसा. तापलेली काच आणि थंड काच दिसायला सारखीच असते. पहिला धडा तोच.

वाचनाच्या यादीचं मात्र अडलं. माझ्याकडे पुस्तक नाही. मी शिकलो उस्तादांच्या शेजारी उभा राहून. नळी दोन हातांत धरायची आणि ज्योतीत फिरवत राहायची – दोन्ही हात एका चालीने. एक हात पुढे गेला की काच पिळवटली. सहा महिने नुसती फिरवायची, फुंकायची नाही. हे कुठल्या पुस्तकात आहे?

लांब्याने ग्रंथालय पालथं घालून दोन पुस्तकं काढली. एकात ज्योतीचं चित्र चुकीचं आहे. ते मुद्दाम यादीत घातलं. चूक कुठे ते पोरांनी शोधावं.

६ जानेवारी, शुक्रवार

लेकीला सांगितलं. ती इस्त्री करत होती. वर न बघता म्हणाली, "अर्ज खिडकीत द्या, बाबा. घरी माझ्या हातात नका देऊ."

खिडकीत द्या! बापाला!

९ जानेवारी, सोमवार

सहीसाठी आज रसायनशास्त्राची दारं पुजली.

पहिले विभागप्रमुख. "कल्पना छान आहे हो. पण तुमची पदवी?" मी म्हटलं, साहेब, तुमच्या पदवीच्या प्रयोगातला कंडेन्सर कुणी केला होता? तीन वेळा फोडलात. तिसऱ्यांदा मी आतली नळी जाड घातली, तेव्हा कुठे टिकला. पीएच.डी. तुमची झाली, नळी माझी होती. ते म्हणाले, मीटिंग आहे. त्यांच्या टेबलावर चहाचा कप सोडून काही नव्हतं.

दुसरे म्हणाले, विचार करून कळवतो. बारा वर्षांपूर्वी मला निरोपाची शाल देतानाही 'लवकरच बोलावू' म्हणाले होते.

तिसऱ्या बाई. तोंडाने फटकळ, पोरं घाबरतात. त्यांनी सगळा अर्ज वाचला, उभ्या उभ्या.

"यात शिकवणारा म्हणून तुमचं नाव आहे. माझं घातलं आणि तुमचं 'साहाय्यक' केलं तर समितीत पटकन सरकेल."

मी म्हटलं, नाही सरकलं तरी चालेल. साहाय्यक होतो एकेचाळीस वर्षं. आता नाही.

बोललो खरं. एकुलती एक सही, तीही घालवतोय की काय!

त्या म्हणाल्या, "हट्टी आहात. पेन द्या." आणि केली सही. जबाबदारीच्या रकान्यात त्यांचं नाव, शिकवणाऱ्याच्या रकान्यात माझं. शिक्षणाच्या रकान्यात 'सातवी' लिहिलं. चांगलं ठसठशीत लिहिलं.

१२ जानेवारी, गुरुवार

आज समिती. सकाळपासून चार वेळा बाथरूमला गेलो. जावई म्हणाले, "तुम्ही परीक्षेला चाललात की घ्यायला?" ते मनाने चांगले आहेत, पण विनोद नको तेव्हा करतात.

लांब टेबल, चार खुर्च्या भरलेल्या. लेक टोकाला, समोर फाइल. मला बसायला सांगितलं आणि ती उभी राहिली. म्हणाली, "शिकवणारे माझे वडील आहेत. मी या विषयावर बसणार नाही, मत देणार नाही." फाइल मिटली आणि निघून गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दार लागल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

उरले तिघं. विभागप्रमुख त्यांत होतेच. म्हणाले, "मूल्यमापन कसं करणार? आमच्यापैकी कुणाला काचेतलं कळत नाही. तुम्ही पास म्हणाल तो पास?"

तापलो होतो, पण काचेसारखा – बाहेरून कळू न देता.

मी म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नका. पाण्यावर ठेवा. प्रत्येकाने सांधलेली नळी इथे टेबलावर आणतो. तुम्ही पाणी ओता. गळलं तर नापास. मग त्यात उकळतं ओता. तडकलं तर नापास. पाणी कुणाचं नातेवाईक नाही.

अध्यक्ष हसले. सही केलेल्या बाई मुद्दाम बाहेर बाकावर बसून होत्या, त्या आत ऐकू जाईल अशा खोकल्या. दोन विरुद्ध एक. मंजूर!

चष्मेवालीने मला चक्क मिठी मारली. मी म्हटलं, अगं, लोक बघतात. ती म्हणाली, "बघू दे."

घरी आलो. लेकीला विचारलं, बापाची लाज वाटली का?

"मी थांबले असते तर लोक म्हणाले असते, मुलीने करून दिलं. आज तुम्ही जे जिंकलात त्यात माझं काही नाही. तेच तर हवं होतं मला."

शब्द बरे होते. पण ती उठून गेली ते गेलीच.

१३ जानेवारी

पाचही नावं कच्च्या यादीत लागली. दोनदा जाऊन बघून आलो.

१६ जानेवारी, सोमवार

पाचातला एक गेला. तो गप्प-गप्प असायचा, पण हात सर्वांत चांगले त्याचे! वडिलांनी यादी बघितली म्हणे. "नळ्या फुंकायला घातलं का तुला कॉलेजात?" सकाळी येऊन पाया पडला आणि रडला. मी म्हटलं, जा बाबा, बापाशी भांडू नकोस. ते करायला मी आहे.

चार उरले. शुक्रवारी पाच वाजता यादी बंद. चार दिवस.

१७ जानेवारी, मंगळवार

दारोदार फिरलो. वसतिगृह, कँटीन, ग्रंथालय. कलम दहा – कर्मचाऱ्यालाही वर्षाला एक विषय घेता येतो. फाटकावरच्या पहारेकऱ्याला गाठलं.

"काका, मी आत येऊन नळ्या फुंकू, तर फाटकावर कोण उभं राहणार?"

विभागप्रमुख, म्हटलं.

तो इतका हसला की त्याची टोपी पडली. पण नाव नाही दिलं.

ग्रंथपाल म्हणाली, मला धुराचा त्रास होतो. धूर होत नाही म्हटलं. तर म्हणाली, मग तुमचा होतो.

१८ जानेवारी, बुधवार

आज लेकीशी भांडलो. चांगलं कडाडून.

मी म्हटलं, चारच आहेत. चाराचे पाच समज. एकाने काय बिघडतं? नियम तूच केलास, तूच वाकव.

"नाही."

का?

पोळपाट बाजूला सारून ती खुर्चीवर बसली. "पूर्वी एका प्राध्यापकाने दोन मुलांचा असा अभ्यास दाखवला आणि सत्रभर फिरकलाच नाही. मुलं भीतीने गप्प बसली. त्यांचं वर्ष गेलं. पाचजण असले की त्यातला एकतरी बोंब मारतो. म्हणून पाच. तुमच्याविरुद्ध नाही केला तो नियम, बाबा. मुलांसाठी केला."

तरी मी म्हटलं, कागदाला चिकटणाऱ्या लोकांनीच कामं मारली.

मग ती जे बोलली ते लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

"मी आठवीत असताना तुम्हाला विचारलं होतं, मला शिकवा म्हणून. महिनाभर मागे लागले होते. तुम्ही म्हणालात, पोरीच्या जातीला आग नको, जळलीस तर कोण करील तुला? तुमच्या एकेचाळीस वर्षांत शिकायला मागणारी एक होती, ती मी. तेव्हा हो म्हणाला असतात तर आज पहारेकऱ्याच्या विनवण्या कराव्या लागल्या नसत्या."

मी म्हटलं, मी तेव्हाही बरोबर होतो! माझे हात बघ, हे डाग बघ. तुझ्या आईने रोज मलम लावलंय यांना. तुझे असे व्हायला हवे होते?

"मला विचारलंत का कधी, व्हायला हवे होते का ते?"

जावई पाण्याचा पेला घेऊन आले आणि दोघांच्या मधे ठेवून गेले. कुणीच प्यायलं नाही.

१९ जानेवारी, गुरुवार

बरोबर नव्हतो. बायको असती तर तिने आज पुन्हा सांगितलं असतं – तेव्हा सांगितलंही होतं. मीच ऐकलं नाही.

पण झेरॉक्सवाल्याला किल्ली देणार नाही. कुलूप तोडावं लागेल त्यांना. आतून कडी घालून बसेन. चार तर चार, क्रेडिट नको तर नको! चष्मेवालीला तसं सांगितलं. ती म्हणाली, "आम्ही येऊच. पण खोली राहिली तर ना, आजोबा." पोर खरं बोलते. खोली नसेल तर गॅसची नळी कुठे जोडू? जावयाच्या स्वयंपाकघरात?

लेक सकाळीच तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला परगावी गेली. जाताना टेबलावर औषधांच्या गोळ्या दिवसवार मांडून गेली.

२० जानेवारी, शुक्रवार

पाच वाजता कार्यालयाच्या खिडकीसमोर उभा होतो. घड्याळ बघत. कारकुनाने यादी आत घेतली, खिडकी लावून घेतली. मला बघू दिली नाही – "उद्या फलकावर लागेल." मी काय चोर आहे?

चारच असणार. मला माहीत आहे. तरी उद्या जाणार. मान खाली घालून नाही. जाऊन वाचणार, आणि मग आत जाऊन कडी घालणार. डबा आणि सतरंजी बांधून ठेवली आहे.

२१ जानेवारी, शनिवार

फलकावर पाच नावं आहेत. पाचवं तुझं, पोरी.

चष्मेवालीने वाचून दाखवलं, मला खरं वाटेना, मग बोट ठेवून मी वाचलं. तिनेच शेजारी लावलेला दुसरा कागदही दाखवला – समितीवरच्या माणसाला समितीने मंजूर केलेला विषय घेता येत नाही, तुझंच कलम बारा. म्हणून गुरुवारी गाडीत बसण्याआधी सचिवपद सोडलंस. अकरा वर्षांचं. मला न सांगता.

फोन लावतो आहे, लागत नाही. म्हणून इथे लिहितो. घरी आलीस की ही वही उघडी सापडेल. सोमवारी सात वाजता. सुती कपडे घाल, केस घट्ट बांध, बांगड्या काढून ये. तिथे मी ओरडेन – सगळ्यांवर ओरडतो. तू नियम दाखवू नकोस. जळशील थोडी. मी शेजारी उभा असेन.

येतेस ना, एवढंच कळव. लवकर कळव गं.