घडी घालू नये

मी, खाली सही करणारा, पूर्वी वेल्डिंगचे सांधे तपासणारा कारागीर, नंतर काही वर्षं वर्तमानपत्रांच्या कृपेनं 'किरणासुर', नंतर कैदी, नंतर रुग्णालयातला झाडूवाला आणि सध्या कुणीच नाही, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं आणि कुणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. दबाव आणण्याइतकं जवळ कुणी येत नाही, हा भाग वेगळा. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. तो त्यांनी दाराखालून आत सरकवला. हाडं मात्र फार दिवसांची सोबती नाहीत, हे त्यांनी फाटकापाशी उभं राहून ओरडून सांगितलं. त्यामुळे ते गल्लीलाही कळलं.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्यावर निघणाऱ्या चित्रकथेच्या एका अंकात मी अख्खं शहर स्वतःच्या नावावर लिहून घेतो असं दाखवलं आहे. तो कागद माझा नव्हे.

एक. गुन्ह्यांविषयी. वीजकेंद्र मी ताब्यात घेतलं, शहराला अंधारात बसवलं, लोकांची पळता भुई थोडी केली. त्याची शिक्षा झाली आणि ती मी पुरी भोगली. तो हिशेब मिटला. जे मी केलं नाही आणि तरी माझ्या माथी मारलं गेलं, त्याचा मिटलेला नाही. पुढची कलमं त्या रागानं लिहिली आहेत. राग कमी करून लिहा असं मला सुचवण्यात आलं होतं. मी तसं करणार नाही.

दोन. कोपऱ्यातला लांब दांड्याचा चिमटा कारखान्यातल्या माझ्या जुन्या साहेबांना द्यावा. आमचं काम असं असे: पाइपाच्या एका अंगाला किरणांची कुपी धरायची, दुसऱ्या अंगाला फिल्म. सांध्यात भेग असेल तिथं फिल्मवर काळी रेघ उठते. एके दिवशी कुपी तिच्या पेटीबाहेर अडकली. अशा वेळी वापरायचा चिमटा कपाटात होता, कपाटाची किल्ली साहेबांच्या खिशात होती आणि साहेब डबा उघडून बसले होते.

"अरे, हातानं ढकल की आत," ते म्हणाले. "एवढ्याशा कामाला चिमटा कशाला? तू काय नवी नवरी आहेस?"

मी हातानं ढकलली. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हापासून किरण माझ्या अंगातूनच निघतात. साहेबांना त्या वर्षी बढती मिळाली. चिमटा मी नंतर स्वतःच्या पैशानं विकत घेतला, फक्त त्यांना देता यावा म्हणून. सोबत किल्ली देऊ नये.

तीन. माझ्या गळपट्टीच्या हाडाची फिल्म 'झेप' या नावानं उडणाऱ्या गृहस्थांना द्यावी. हाड दोन जागी मोडलेलं स्वच्छ दिसतं. मी वीजकेंद्रातून आपण होऊन बाहेर आलो होतो. हात वर करून पायरीवर बसलो होतो. फौजदार म्हणाले होते, "बस जरा, गाडी येतेय." मग छायाचित्रकार आले आणि त्यांच्यामागून हे आकाशातून माझ्या खांद्यावर आले. बसलेल्या माणसावर. त्यांच्या पुतळ्यात मी उभा आहे आणि अंगावर धावून जातो आहे. फिल्म त्यांनी चौकटीत घालून पुतळ्याशेजारी लावावी, अशी माझी इच्छा आहे. ते लावणार नाहीत, हे मला माहीत आहे.

चार. चित्रकथा छापणाऱ्यांना मी काहीही ठेवत नाही. फक्त कळवतो की मी हिरवा नाही. कधीही नव्हतो. मी सावळा आहे. किरण दिसत नाहीत. तोच तर त्यांचा धोका. मी खांद्यावरून झगा सोडत नसे, चौकड्याचा शर्ट घालत असे. आणि मी गडगडाटी हसत नाही. माझ्या दिवंगत पत्नीची तक्रार होती की मी हसतच नाही.

पाच. कोट.

तुरुंगातून सुटलो तेव्हा माझ्या मुलीनं खिडकीच्या काचेआडून एक अट सांगितली. "एक वर्ष, बाबा. एक वर्ष तुमच्याकडून कुणाला काही झालं नाही, तर मी हिला घेऊन येईन." ही म्हणजे माझी नात. मी तिला तोवर पाहिलेली नव्हती.

मी शिवणवालीकडे गेलो. ती रुग्णालयातल्या क्ष-किरण खोलीसाठी शिशाचे अंगरखे शिवते. इतर लोक ते किरण अंगात येऊ नयेत म्हणून घालतात. मी म्हणालो, मला उलटा हवा. किरण बाहेर जाऊ नयेत असा. तिनं टेप माझ्या खांद्याला लावला. मला हात लावणारी ती कित्येक वर्षांतली पहिली व्यक्ती.

"अहो भाऊ, श्वास सोडा," ती म्हणाली. "पोट आत ओढून माप दिलंत तर कोट बसायचा नाही. इथं कोण बघायला आलंय तुम्हाला?"

कोट अंगावर चढवलेल्या भिंतीसारखा जड झाला. गळ्यापासून घोट्यापर्यंत, हातमोज्यांसकट. मी तो घालूनच रुग्णालयात झाडू मारायचो, घालूनच जेवायचो. या कोटाचा एकच नियम आहे. तो टांगायचा. त्याची घडी घालायची नाही. घडी घातली की आतलं शिसं दुमडीवर तडकतं आणि बाहेरून काहीही दिसत नाही. शिवणवालीनं कॉलरच्या आत पट्टी शिवली होती: 'घडी घालू नये'. लाल दोऱ्यानं.

दर आठवड्याला चौकीत हजेरी असे. मला जाड भिंतींच्या कोठडीत बसवून कोट तपासायला नेत आणि खिळ्याला टांगत. एकदा नवा हवालदार होता. नीटनेटका माणूस. त्यानं कोटाची चौघडी केली, सुतळीनं बांधली आणि फडताळावर ठेवली. परत देताना म्हणाला, "कसा लोळत होता भिंतीवर! बघा, आता कसा लक्ष्मीसारखा दिसतोय." लाल पट्टी घडीच्या बरोबर वर आली होती. तिच्यावरूनच सुतळी गेली होती.

मी ओरडलो. त्यांनी वहीत लिहिलं: आरोपी उद्धट.

दुसरा कोट नव्हता. मी घरी बसलो. रुग्णालयाचा मुकादम आला आणि फाटकातून म्हणाला, "कोट तर आहे ना अंगात? मग बसलायस का? खाडे धरू?" मी कोटावरून हात फिरवला. काही जाणवलं नाही. मी गेलो. फिल्मच्या कपाटासमोर झाडू मारला. त्या दिवशीच्या सगळ्या रुग्णांच्या फिल्मवर काळे पट्टे उठले. कुणाला इजा झाली नाही, पण सगळ्यांना पुन्हा झोपवून पुन्हा फिल्म काढाव्या लागल्या. संध्याकाळच्या पेपरात आलं: 'किरणासुर पुन्हा जागा झाला.' शेजारी हिरवं चित्र.

वर्ष भरत आलं होतं. मुलीनं निरोप पाठवला: तुम्ही कोट काढलात, बाबा. तुम्हाला एवढंही जमलं नाही.

मी कोट काढला नाही. हे मी इथं कायद्याच्या कागदावर लिहून ठेवतो. मी कोट काढला नाही.

पुरावा कोटातच आहे. त्याची फिल्म काढली तर चौघडीच्या जागी रेघा दिसतील. मी स्वतः काढू शकतो. एका अंगाला फिल्म धरायची, दुसऱ्या अंगाला मी. पण तशी फिल्म पुरावा म्हणून चौकीनं नाकारली. किरण आरोपीचेच आहेत, म्हणाले. तरी माझ्या मृत्यूनंतर हा कोट रुग्णालयाच्या यंत्राखाली ठेवून त्याची फिल्म काढावी आणि ती माझ्या मुलीला द्यावी. कोट टांगून न्यावा.

सहा. राहतं घर, दोन खोल्या, मधल्या विटांच्या जाड भिंतीसह, मुलीला द्यावं. भिंत मी स्वतः रचली आहे. ती आतल्या खोलीत मी आणि बाहेरच्या खोलीत पाहुणे अशा बेतानं रचली होती. बाहेरच्या खोलीतली खुर्ची त्यामुळे नवीच आहे.

सात. साक्षीदार. दोन लागतात, आणि दोघांनी मला सही करताना समोर पाहावं लागतं. वकील म्हणाले, "मी दुर्बिणीतून पाहिलं तर?" मी म्हणालो, पाहा. मग त्यांनीच पुस्तक उघडून सांगितलं की चालत नाही. डॉक्टरांनी आपल्याला लहान मुलं असल्याचं सांगितलं. मुकादमाला वेळ नाही. नीटनेटक्या हवालदारालाही विचारलं. तो म्हणाला, वरिष्ठांची परवानगी आणा.

शिवणवाली तयार आहे. तिला मी माझी शिल्लक देणार होतो. पण साक्षीला बसणाऱ्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असा नियम आहे. म्हणजे जो माझ्याजवळ येऊन बसेल त्यालाच मी काही देऊ नये! हा नियम कुणी केला त्याला माझा नमस्कार सांगावा.

"मला काही नको तुमचं," ती म्हणाली. "माझी टाचण्यांची डबी तेवढी परत द्या. कोट घालून बघायला आले तेव्हा इथंच राहिली."

दुसरा साक्षीदार नाही. तोवर हा कागद म्हणजे एका म्हाताऱ्याची कुरकुर आहे.

पुरवणी. वरचं सगळं शिवणवालीनं वाचलं. पाचव्या कलमापाशी थांबली. "मेल्यावर कशाला हो फिल्म? मेल्यावर खरं ठरून तुम्हाला काय मिळणार, पेढा? द्या इकडे तो कोट." मी आतल्या खोलीत गेलो, कोट भिंतीबाहेर टांगला आणि ती घेऊन गेली. ती येईपर्यंत मी आत, कोटाशिवाय.

त्या दिवशी ती परत आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. आवाज मुलीचा होता.

"बाबा, आतच थांबा. कोट बाहेरच्या खिळ्याला लावते. मी फाटकाबाहेर गेले की घाला."

मी घातला. दुमडीच्या जागी शिशाच्या नव्या पट्ट्या शिवल्या होत्या. पाठीवर आडवी एक, उभी एक. मग मुलगी दाराशी आली. मागून शिवणवाली. मुलगी उजवा खांदा चोळत होती. मी विचारलं काय झालं.

"बसवाल्यानं वाटेत उतरवलं," ती म्हणाली. "म्हणे, बाई, एवढं कशाला उंच धरलंय, घडी करून मांडीवर घ्या. मी म्हटलं, घडी चालत नाही. म्हणे, मग खाली उतरा. घडी करून घ्या म्हणे! अक्कल आहे का माणसाला? वाचता येत नाही? लाल दोऱ्यानं लिहिलंय!"

"मग?"

"मग काय? आलो चालत. एक टोक मी धरलं, एक यांनी."

फिल्म शिवणवालीनं काल रुग्णालयात काढून घेतली आणि कोटासकट मुलीच्या घरी नेऊन दाखवली. क्ष-किरणवाल्यानं तीनदा काढली, म्हणे. त्याचा एवढ्या सरळ रेघांवर विश्वास बसेना. मी तिला सांगितलं की मी हेच ओरडून सांगत होतो. ती म्हणाली, हो. मी म्हणालो, तू ऐकलं नाहीस. ती म्हणाली, नाही ऐकलं. मला आणखी बरंच बोलायचं होतं. ते मी वर्षभर तयार करून ठेवलं होतं. ती नव्या खुर्चीवर बसली.

नातीला आणलेलं नाही. "पट्ट्या नव्या आहेत. आधी मी बसून बघते," ती म्हणाली. हे बरोबर आहे. मला त्याचा राग आला, हेही नमूद करतो.

मग तिनं कागद ओढला. मी तिला सातवं कलम दाखवलं. सही केलीस तर घर जाईल.

"जाऊ दे."

"अगं, जागा आहे ती. विटा मी रचल्यात."

"बाबा, तुम्हाला साक्षीदार हवाय की भाडेकरू? सही कुठं करायची ते सांगा."

त्यामुळे सहावं कलम रद्द. घर नातीला द्यावं. ती अजून अक्षर गिरवते, तेव्हा तिला साक्षीला कुणी बसवलेलं नाही. शिल्लकही तिलाच. पाचव्यातली फिल्म मुलीला मिळाली आहे. इतर कलमं कायम. विशेषतः दुसरं आणि तिसरं. मुलीनं तिसरं काढायला सांगितलं. मी काढलेलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतरापेक्षा तिची खुर्ची जवळ आहे. मी तिला मागे सरक म्हणून दोनदा सांगितलं. ती सरकत नाही.

ठिकाण: माझ्या घराची बाहेरची खोली.
दिनांक: साक्षीदारांनी आपापल्या हातानं घालावा.

सही (हातमोज्यातून केल्यामुळे वाकडी)

वरील गृहस्थांनी आम्हा दोघींच्या समोर, एकाच खोलीत, दार लावून ही सही केली. ते शुद्धीवर आहेत आणि चिडलेले आहेत.

साक्षीदार पहिली: शिवणवाली. (डबी मिळाली.)
साक्षीदार दुसरी: मुलगी.