धायरीच्या मळ्याचा कागद

चैत्र वद्य ८

भावजी येऊन गेले. म्हणाले, आईच्या मनात आहे तर मळ्याचा कागद करून टाकू. गेल्या दिवाळीत सासूबाईंनीच त्यांना बजावलं होतं, "धायरीचा मळा माझ्या वडिलांनी मला आंदण दिलेला. माझ्यामागे यमुना जगेल तोवर तिचा. जी माझं करते तिला म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडे बघायला लागू नये." तेव्हा पुष्कळ भानावर होत्या.

यमुना म्हणजे मी. फार दिवसांत हे नाव कुणी घेतलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

भावजी म्हणाले, "माझी ना नाही, वहिनी. फक्त तिच्या तोंडून येऊ दे, साक्षीदारांसमोर." माणूस वाईट नाही.

चैत्र वद्य ११

जाऊबाईंकडे पापड लाटायला गेले होते. त्यांच्या माहेरच्या चिमामावशी तिथेच असतात, माझ्यासारख्याच. पूर्वी माजघरात निजायच्या. मग कोठीत. आता गोठ्यालगत. कुणी हाकललं नाही. दर वेळी काहीतरी कारण निघालं. बाळंतपण, पाहुणे, नवं धान्य.

जाऊबाई म्हणाल्या, "तुम्हीही पुढेमागे इथेच की. मावशींना सोबत होईल."

मावशी लाटत होत्या. मान वर केली नाही.

हे कसब्यातलं घर भावजींचं. सा.बाई आहेत तोवर आम्ही दोघी इथे. यांचा वाटा यांच्याबरोबर गेला. मला अन्नवस्त्र, तेही देणारा देईल तसं.

चैत्र वद्य १३

आज संदुकेच्या तळाशी

पेटी, संदूक नव्हे असं हे म्हणायचे. पेटीच्या तळाशी यांची पत्रं सापडली. स्वारीवरून आलेली. त्यांच्यावरच मी अक्षरं शिकले, एकेक ओळ भावजींकडून वाचून घ्यायची आणि मग बोट ठेवत बसायचं. जे पहिलं पत्र मला स्वतःला वाचता आलं ते यांचं शेवटचं.

चैत्र अमावास्या

सा.बाई मला ठकी म्हणतात. ठकी म्हणजे त्यांची लेक, माझी नणंद. सासवडला दिली होती, पहिल्याच बाळंतपणात गेली. पौषात सा.बाईंना ताप भरला तेव्हा सुरू झालं. "ठके, पाणी." मी पेला पुढे केला तर तोंड फिरवलं. शेवटी मी ओ दिली, तर घटाघटा प्यायल्या.

तेव्हापासून देते. ठकी म्हणून वागायचं तर अगं-तूगं करावं लागतं. "आई, तोंड उघड." पहिल्यांदा जीभ वळेना. आता वळते. त्यांना मोतीबिंदू, चेहरा दिसत नाही, आवाजावर भागतं.

यात कुणाचं काय गेलं, असं वाटत होतं.

वैशाख शुद्ध ३

अक्षय तृतीया. दानाला चांगला दिवस म्हणून आजचाच धरला होता. भावजी कारकुनांना आणि शास्त्रीबुवांना घेऊन आले. सा.बाईंना न्हाऊ घालून भिंतीशी टेकवून बसवलं. मी दाराआड.

कारकुनांची रीत अशी की आधी माणूस भानावर आहे का ते पाहायचं. विचारलं, आज दिवस कोणता? "तृतीया. आंबे आणलेत का?" सगळे हसले. मळ्याच्या हद्दी विचारल्या. पूर्वेला ओढा, पश्चिमेला चिंच, सगळं घडाघडा. मला धीर आला.

"मग हा मळा कुणाला द्यायचा?"

"माझ्या ठकीला. तीच तर माझं सगळं करते."

भावजी हळू म्हणाले, "आई, ठकी नाही गं. यमुना. तुझी सून."

"यमुना? ती माहेरी गेली की. किती दिवस झाले. बरी होती हो पोर."

मी पन्ह्याचे पेले हातात घेऊन उभी.

कारकुनांनी लेखणी पुसली. "रावजी, मेलेल्या माणसाच्या नावे मळा करून देणारा कारकून पुण्यात अजून जन्मायचा आहे." मग जरा मऊ होऊन म्हणाले, पौर्णिमेनंतर द्वितीयेला पुन्हा एकदा येईन. पुढे धन्यांबरोबर बाहेरगावी जाणं आहे. तोवर बाईंना सुनेचं नाव आठवलं तर पाहू.

पन्हं मात्र दोघांनी घेतलं.

वैशाख शुद्ध ४

कागद नाही झाला तर मळा भावजींचा. मी गोठ्यालगत.

मीच केलं हे. त्यांच्या डोक्यातून मला मीच पुसलं, रोज थोडं थोडं, ओ देऊन.

वैशाख शुद्ध ६

आजपासून ओ द्यायची नाही असं ठरवलं. "ठके" आलं की म्हणायचं, "मी यमुना. तुमची सून."

"मग ठकी कुठे?"

"त्या गेल्या, सासूबाई."

ऊर बडवून रडल्या, जशा पहिल्या दिवशी रडल्या असतील. दुपारी निजल्या. उठल्या नि हाक मारली, "ठके."

शुद्ध ७

पुन्हा तेच. दोनदा.

शुद्ध ८

तीनदा. पलीकडच्या काकू भिंतीवरून विचारत होत्या, "कोण गेलं हो तुमच्याकडे?"



वैशाख शुद्ध ११

आज आठवलं त्यांना. तांदूळ निवडत होत्या, हाताला सवय आहे. मी शेजारी. एकाएकी स्वच्छ आवाजात, "यमुने, खडे फार आहेत गं यंदा."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला तर पदर सरला. हात तसाच राहिला.

"केस कुठे गं तुझे?"

मी पदर ओढून घेतला.

"यमुने. माझा विसू कुठाय?"

विसू म्हणजे हे.

मी ठकी असले की त्यांची दोन्ही मुलं आहेत, भावजी धरून तिन्ही. मी यमुना झाले की

संध्याकाळपर्यंत जेवल्या नाहीत. मीही.

पौर्णिमा

भावजी आले होते. "वहिनी, परवा सकाळी येताहेत ते. तिला एकदा नीट समजावून ठेवा. तेवढ्यापुरतं लक्षात राहिलं तरी पुरे."

हे मलाही सुचलं होतं. सकाळी सांगायचं, ऊर बडवणं उरकू द्यायचं, डोळे पुसून बसवायचं. मग घटका-दोन घटका भान असतं. मी मोजून पाहिलं आहे. असलं मोजायची वेळ यावी.

भावजी जाताना म्हणाले, "आणि नाहीच जमलं तर आमचं घर आहेच."

आहेच.

वैशाख वद्य २

सकाळ. ऊन चढायच्या आत येणार आहेत. ओसरी सारवली, बैठक घातली. सा.बाईंचा रंग कालच्यापेक्षा बरा आहे, पेज सगळी घेतली. सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं.

आतून हाक चालू आहे. "ठके! अगं ठके! कुठे मेलीस?"

मी अजून ओ दिलेली नाही.