पाटाचं पाणी आणि निळ्या झाकणाची बरणी

लोन विलो, मोंटाना
१७ ऑगस्ट १९९२

ती. रॅग्नाताईस,
धाकट्या भावाचा सा. न., तुझ्या काळ्या झग्यालाही.

वि. वि. काल जत्रेत गुरांच्या लिलावाच्या मंचावरून मी तुझ्यासाठी पंचवीस मिनिटं भाषण ठोकलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवडणुकीत तुझं नाव पुन्हा मतपत्रिकेवर आहे आणि तू स्वतःबद्दल अक्षर बोलत नाहीस, मग कुणी बोलायचं? बियाण्यांच्या दुकानावरच्या खोलीत तू वकिली मांडलीस, जिल्हा न्यायाधीश झालीस, राजधानीत हेलेनाला गेलीस, सगळं सांगितलं. लोक जांभया देऊ लागले तेव्हा पाटाचा विषय काढला. वरची खाणकंपनी ओढ्याचं पाणी पळवते आहे आणि तो खटला पुढच्या महिन्यात तुमच्यापुढे येतो आहे. मी म्हणालो, माझी बहीण त्या खुर्चीत आहे तोवर कंपनीला एक थेंब मिळणार नाही. काय टाळ्या पडल्या! स्वतःच्या लग्नातही न हसलेला म्हातारा ऑर्विल स्वेंक बाकावर उभा राहिला.

शनिवारी जॅमच्या स्पर्धेची परीक्षक म्हणून येते आहेसच. तुझ्या भावजयीने, डॅग्नीने, हकलबेरीच्या रानफळांचा ठेवला आहे. बरण्यांवर नावं नसतात, पण निळं झाकण आपलं.

तुझी माया मला निवडणुकीशिवाय मिळाली आहे, ती मुदतीशिवाय चालू ठेव.

तुझा
हाल्वर

हेलेना
१९ ऑगस्ट १९९२

चि. हाल्वरास,
अनेक आशीर्वाद, आणि एक कान पिरगाळून.

तुझं पत्र वाचता वाचता कॉफी गार झाली. त्या पाटावर तुझी वीतभरही जमीन नाही, तू ट्रॅक्टर दुरुस्त करतोस, म्हणूनच हा खटला मला ऐकता येत होता. मी त्यातला एक कागद उघडलेला नसताना तू गावासमोर माझा निकाल वाचून मोकळा झालास! उद्या कंपनीचा वकील विचारेल की बाईंचं आधीच ठरलं आहे का, आणि त्याचं विचारणं रास्त असेल. मी आजच सरन्यायाधीशांना कळवलं की मी या खटल्यातून बाजूला होते. माझ्या जागी खालच्या न्यायालयाचा न्यायाधीश बसेल.

शनिवारी त्याच मंचावरून हे मी स्वतः सांगणार आहे. मतं जातील. जाऊ देत. ऐकण्याआधी निकाल द्यायचा असेल तर ती खुर्ची मला कुणी घरपोच दिली तरी नको.

जॅमलाही दुसरा परीक्षक बघा. झाकणाचा रंग कळवल्यावाचून तुझं काय अडलं होतं? डॅग्नीची माफी माग.

रागावले तरी तुझीच,
रॅग्ना

लोन विलो
२४ ऑगस्ट १९९२

रॅग्नाताईस,
नमस्कार. आज एवढाच.

तू चार मिनिटं बोललीस आणि एक टाळी पडली नाही. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांचा आवाज तेवढा येत होता. आता गाव म्हणतं, आपलीच बाई ऐन वेळी पाटाला वाऱ्यावर सोडून गेली. मला म्हणतात, तुझ्या बहिणीला विचारून मग बोलत जा. आपल्या माणसांच्या उपयोगी पडायचं नाही, तर एवढं शिकलीस कशाला? मला हे पटलेलं नाही आणि पटवून घ्यायचंही नाही.

पाद्रीबुवांनी डॅग्नीला तिसरं बक्षीस दिलं. तीही तुझ्यावर रागावली आहे.

हाल्वर

लोन विलो
५ नोव्हेंबर १९९२

ती. रॅग्नाताईस,
सा. न. वि. वि. या वेळी पुरता वाकून.

निवडून आलीस! राज्याचे आकडे तुला कळलेच असतील, गावचे माझ्याकडून घे: तुला एकशे बारा, समोरच्याला सदतीस. हे माझ्या भाषणाने झालं नाही, मला मंचाजवळ कुणी फिरकूच दिलं नाही. गेल्या महिन्यात पाटाचा निकाल लागला: वसंतातलं पुराचं पाणी कंपनीचं, जुलै-ऑगस्टचं आपलं. गाव कुरकुरलं. मी ऑर्विलच्या ट्रॅक्टरखाली पडून तुझ्या नावाने बडबडत होतो, तर तो वरून म्हणाला, "सख्ख्या भावासाठी जी वाकली नाही, ती कंपनीसाठी काय वाकणार?" मी बाहेर येऊन त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग तो मुखदुर्बळ ऑर्विल घरोघर जाऊन तेवढं एकच वाक्य बोलून आला. माझी पंचवीस मिनिटं वाया गेली, ताई. चुकलो.

सोबत निळ्या झाकणाची बरणी आहे. आता स्पर्धा संपली आहे. डॅग्नी म्हणते, निकाल लेखी आणि कारणांसह हवा.

तुझा
हाल्वर

हेलेना
१२ नोव्हेंबर १९९२

चि. हाल्वर व चि. सौ. डॅग्नीस,
अनेक आशीर्वाद.

बरणी तीन दिवसांत संपली. निकाल: पहिलं बक्षीस. कारणं: बरणी तीन दिवसांत संपली. मात्र या प्रकरणात मी पूर्णपणे पक्षपाती आहे, तेव्हा हा निकाल कुठेही ग्राह्य धरू नये.

दुसरी बरणी पाठवा.

तुमची
रॅग्ना