नऊ सेकंदांचा हिरवा दिवा

२ मार्च, सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. डोकं थंड राहावं म्हणून. काल 'चव्हाटा' या ऑनलाइन फोरमवर माझी एकवीस उत्तरं झाली. विषय: विज्ञान असताना धर्म हवाच कशाला. विषय संपला नाही, पण डावा डोळा फडफडायला लागला. याला शास्त्रीय कारण आहे.
संकल्प: दिवसाला एकच वाद. शेवटचं वाक्य समोरच्याला बोलू द्यायचं. गुडघ्यासाठी रोज अर्धा तास चालायचं.

सकाळी ७.०५
दुसरा संकल्प स्थगित. 'दिवाबत्ती' नावाच्या गृहस्थाने 'तर्कवीर'ला, म्हणजे मला, चारचौघांत विचारलंय की तुमचाही कशावर तरी आंधळा विश्वास असेलच ना. हा माणूस कुठल्याशा प्रार्थनाघरात दिवे, माइक आणि कॉम्प्युटर सांभाळतो. लिहिलं: माझा विश्वास नसतो, माझ्याकडे पुरावा असतो. यात अर्धा तास गेला. चालणं उद्यापासून.

५ मार्च
ऑफिसात शांतता. लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत कॉम्प्युटर विभागाचा मी प्रमुख. विभागात मी एकटाच असल्यामुळे निर्णय पटापट होतात.
घरी मात्र अंधार. नाना, म्हणजे माझे सासरे, निवृत्त भूगोल शिक्षक, वय एक्याऐंशी. गेली सत्तावीस वर्षं रोज सकाळी सात वाजता गॅलरीतला थर्मामीटर वाचतात आणि तापमान, वारा, ढग असं सगळं वहीत लिहितात. इथवर ठीक. पण वाचण्याआधी डोळे मिटून हात जोडतात. आज मी त्यांना समजावून सांगितलं की प्रार्थनेने पारा हलत नाही. नाना म्हणाले, पाऱ्यासाठी नाही हो, माझ्याकडून चुकीचं वाचलं जाऊ नये म्हणून. उत्तर होतं माझ्याकडे, पण डबा भरायचा होता.
या वह्यांना आता भाव आलाय. बायकोने पाच वर्षं, शाळेच्या ऑफिसातून आली की रोज तासभर, एकेक आकडा कॉम्प्युटरवर चढवला. प्रत्येक पानाचा फोटोही काढला. शेवटची दोन वर्षं तपासून झाली की विद्यापीठातल्या हवामानाच्या बाईंना सगळं द्यायचंय. मुदत तीस एप्रिल. त्यांच्या अभ्यासात नानांचं नाव छापून येणार आहे. हे कळल्यावर नानांनी चष्म्याची काच बदलून आणली.
सुरक्षिततेची जबाबदारी अर्थात माझ्याकडे.

९ मार्च
दिवाबत्तीला पुराव्याने गप्प केलं. लिहिलं की विज्ञानवादी माणूस 'देव बघून घेईल' म्हणत नाही, तो बॅकअप घेतो. दर रविवारी सकाळी दहा वाजता मी बटण दाबतो. टेबलावरच्या काळ्या डब्यात सगळी प्रत जाते. नऊ सेकंदांत हिरवा दिवा. चार वर्षांत एकदाही लाल नाही.
त्याने विचारलं, फोटो किती? मी म्हटलं, नऊ हजारांच्या वर. त्याने विचारलं, तेवढे फोटो नऊ सेकंदांत? आमच्याकडच्या प्रार्थनांच्या रेकॉर्डिंगला चाळीस मिनिटं लागतात. मी लिहिलं, हाच तर श्रद्धा आणि आधुनिक यंत्रणा यांतला फरक.
सात लाइक. त्यातला एक 'निःपक्षपाती'चा. निःपक्षपाती मीच आहे, पण ते मत मी वेगळ्या मनःस्थितीत दिलं होतं.

१४ मार्च
मोठा विजय, तोही घरात. नानांचं वह्यांचं कपाट मला दुसऱ्या स्क्रीनसाठी हवं होतं. आठवडाभर समजावत होतो की मजकूर कॉम्प्युटरात आहे, बॅकअपमध्ये आहे, मग कागद कशाला? कागदाचा मोह हीसुद्धा एक पूजाच. आज नाना अचानक हो म्हणाले. बापलेकीने मिळून स्वतःच पोतं भरलं आणि सुतळीने बांधलंही. मी तेव्हा फोरमवर एका ज्योतिषाच्या मागे लागलो होतो.
रद्दीवाल्याला पोतं मी स्वतः उचलून दिलं. चांगलंच जड होतं. सत्तावीस वर्षांची सवय होती, वजन असणारच. नाना दारात उभे राहून बघत होते. चेहऱ्यावर दुःख नव्हतं. माणूस कुठल्याही वयात सुधारू शकतो असं माझं मत झालंय.

२१ मार्च
ऑफिसात मिस्त्री भेटला. हा आमच्याकडचा सगळ्यात जुना लिफ्ट दुरुस्त करणारा. दर महिन्याला प्रत्येक लिफ्ट मुद्दाम पाडून बघतो. म्हणजे दोर सैल सोडतो आणि सुरक्षेचा ब्रेक तिला धरतो का ते पाहतो. मी म्हटलं, ब्रेकवर शिक्का असतो, कागद असतो, मग हा खटाटोप का? म्हणाला, शिक्का लिफ्टला धरून ठेवत नाही.
अडाणी, पण प्रामाणिक माणूस.

२ एप्रिल
दिवाबत्ती पुन्हा उगवला. दर महिन्याच्या एक तारखेला म्हणे तो बॅकअप दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून, उघडून बघतो. लिहितो की माझा देवावर विश्वास आहे, डिस्कवर नाही. मग सगळ्यांसमोर विचारलं, तर्कवीर, तुम्ही तुमचा बॅकअप कधी उघडून पाहिलात?
प्रश्नच चुकीचा आहे. ज्याला हिरवा दिवा लागतो, त्याला उघडायचं कशाला?
हे लिहिल्यावर पंधरा जण हसले. त्यातले तीन जण आजवर माझ्या बाजूचे होते.

३ एप्रिल
पाच वर्षांपूर्वी मी याच मुद्द्यावर एकाला पार झोपवला होता. तो वाद हवा होता. फोरमवाले वर्षभराने जुन्या चर्चा पुसून टाकतात, म्हणून जिंकलेले वाद मी ऑफिसच्या प्रिंटरवर छापून खोक्यांत भरून ठेवतो. माळ्यावर अशी तीन खोकी आहेत. वर जाड अक्षरांत 'जिंकलेले वाद, हात लावू नये'. स्टूल आणलं, चढलो, गुडघा कुरकुरला, उतरलो. आठवणीतूनच लिहिलं. खोकी आहेत एवढं पुरेसं आहे.

११ एप्रिल
निर्णय. उद्या रविवारी सकाळी दहा वाजता चव्हाट्यावर जाहीर प्रयोग. मूळ माहिती सगळ्यांसमोर डिलीट करणार आणि बॅकअपमधून परत आणणार.
दिवाबत्तीने लगेच लिहिलं की कृपा करून मूळ पुसू नका, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून बघा, तेवढं पुरे. घाबरला. खासगी मेसेजही पाठवला, त्यात 'हात जोडतो' असं होतं. याचं सगळं हात जोडण्यातच चालतं.
घरात सांगितलेलं नाही. विज्ञानात आधी निकाल, मग घोषणा.

१२ एप्रिल, सकाळी ९.५०
बायको आणि नाना बाजारात. बत्तीस जण ऑनलाइन. दाढी केली, कारण नसताना.

१०.०२
फोल्डर डिलीट. नुसतं डिलीट नाही. कोणी फसवणूक म्हणू नये म्हणून पुसणाऱ्या प्रोग्रॅमने सात वेळा पुसलं. आता ते जगातला कोणीही परत आणू शकत नाही. सेहेचाळीस जण ऑनलाइन.

१०.०९
काळ्या डब्यातून परत आणायला सुरुवात. लगेच संपलंसुद्धा. हिरवा दिवा. वेग बघा म्हणून लिहिलं.

१०.११
फोल्डर दिसतंय. उघडत नाहीये. त्याच्या कोपऱ्यात एक छोटा बाण आहे.

१०.३५
कारण कळलं. चार वर्षांपूर्वी जागा कमी पडत होती म्हणून फोल्डर मी दुसऱ्या डिस्कवर हलवलं होतं. हिला सापडावं म्हणून डेस्कटॉपवर त्याचा शॉर्टकट, म्हणजे तिकडे नेणारं बाणाचं नुसतं चित्र, ठेवला. बॅकअप डेस्कटॉपचा होता. म्हणजे चार वर्षं दर रविवारी मी त्या बाणाचा बॅकअप घेतोय. दोनशेच्या आसपास बाण आहेत. सगळे सुस्थितीत.

१०.४०
फोरमवर लिहिलं: तांत्रिक कारणाने प्रयोग पुढे ढकलला आहे. तत्त्व अबाधित.

१०.५५
जिन्यात पावलं. पिशव्या घ्यायला पुढे गेलो. एरवी जात नाही. हिने माझ्याकडे दोनदा बघितलं.

१३ एप्रिल
ऑफिसला गेलो. माहिती परत मिळवून देणारे चार जण फोनवर गाठले. सात वेळा पुसलंय म्हटल्यावर तिघे हसले. चौथ्याने आधी विचारलं, कोणी पुसलं? मी म्हटलं, एका कर्मचाऱ्याने. मग म्हणाला, काढून टाका त्याला.
मिस्त्रीला सगळं सांगून टाकलं. कोणाला तरी सांगायचं होतं. पाडून बघायला तूच शिकवलंस असंही म्हटलं. त्याने हातातल्या पान्याला तेल लावलं. मग म्हणाला, साहेब, आम्ही रिकामी लिफ्ट पाडतो.
डबा त्यालाच दिला.

१४ एप्रिल
अजून घरात सांगितलेलं नाही. हिने काल संध्याकाळी तपासायला बसायचं म्हटलं तेव्हा कॉम्प्युटरला अपडेट चालू आहे म्हणालो. आजही तेच सांगायचा विचार आहे. अपडेट मोठं असू शकतं.
नाना आज सात वाजता गॅलरीत होते. हात जोडले, आकडा वाचला, वहीत लिहिला. नवी वही, जानेवारीपासूनची, तेवढीच राहिलीय. मागची सत्तावीस वर्षं मी एका हाताने पुसली आणि दुसऱ्या हाताने रद्दीवाल्याला दिली. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

संध्याकाळी ६.३०
सांगितलं.
मुद्देसूद मांडायचं ठरवलं होतं. डिस्कच्या रचनेपासून सुरुवात केली. ही मध्येच म्हणाली, गेलं का ते सांग. मी म्हटलं, गेलं. ती रागावली असती तर मला बोलता आलं असतं. ती नुसती कीबोर्डकडे बघत बसली. त्यातल्या काही बटणांवरची अक्षरं तिच्या बोटांनी पुसली गेलीत, हे मी आज पहिल्यांदा पाहिलं. मला फार लाज वाटली.
नाना पलीकडच्या खोलीत सगळं ऐकत होते. बाहेर आले आणि स्टूल मागितलं.

संध्याकाळी ७.४०
स्टुलावर ही चढली. माळ्यावरून 'जिंकलेले वाद'चं पहिलं खोकं खाली आलं. मी म्हटलं, त्याचा काय संबंध? नानांनी सुतळी सोडली.
आत निळ्या पुठ्ठ्याच्या वह्या. वर्षांप्रमाणे लावलेल्या. दुसऱ्या खोक्यात पण. तिसऱ्यात पण.
मग कळलं ते असं. मार्चमध्ये मी कपाटाच्या मागे लागलो तेव्हा नानांनी लेकीला विचारलं की या घरात अशी कुठली जागा आहे, जी जावईबापू कधीच उघडून बघणार नाहीत. हिने क्षणाचाही विचार न करता माझी खोकी दाखवली.
मग पोत्यात काय होतं, असं मी विचारलं. हिने खोक्यावरच्या जाड अक्षरांवर बोट ठेवलं. बारा वर्षं जिंकलेले वाद मी स्वतः उचलून दिले होते आणि जड आहेत म्हणून खूश झालो होतो.
निषेध नोंदवणार होतो. माझी परवानगी घेतली नव्हती. पण तोंड उघडलं तर रडू आलं. जमिनीवरच बसलो. नाना म्हणाले, गुडघा दुखत असेल तर खुर्ची घ्या.

१६ एप्रिल
विद्यापीठातल्या बाईंनी मुदत एकतीस मेपर्यंत वाढवली. वह्या पाठवता का म्हणाल्या. नाना म्हणाले की वह्या आता घराबाहेर जाणार नाहीत. माझ्याकडे कोणी बघितलं नाही, हे मुद्दाम होतं.
आकडे पुन्हा चढवायचं काम मी घेतलं. शिक्षा म्हणून नव्हे. माझा टायपिंगचा वेग या घरात सर्वांत जास्त आहे.

३ मे
अकरा वर्षांचे आकडे चढवून झाले. नाना वाचतात, मी टाइप करतो, मग मी वाचून दाखवतो आणि नाना वहीत बोट ठेवून बघतात. मी म्हटलं, एकदा बरोबर टाइप केल्यावर पुन्हा वाचायची गरज नाही. नाना म्हणाले, वाचा. दिवसाला पाच-सहा चुका निघतात. बहुतेक कीबोर्डच्या.
चव्हाट्यावर गेलेलो नाही. वेळ नाही एवढंच कारण. कोणी माघार समजू नये.

१६ मे
दिवाबत्तीचा मेसेज. सगळं ठीक आहे ना, महिनाभर दिसला नाहीत, असं विचारलंय. टोमणा शोधत चार वेळा वाचला. सापडला नाही. त्याला विचारलं की दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेमकं कसं उतरवता. त्याने एकेक पायरी लिहून पाठवली. शेवटी 'शुभेच्छा' एवढंच होतं. प्रार्थना करतो वगैरे लिहिलं असतं तर मी सोडलं नसतं.

१७ मे, रविवार, सकाळी ७.००
काल सत्ताविसावं वर्ष पूर्ण. फोटोही पुन्हा काढून झाले. आज नानांनी वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, आजचं तुम्ही वाचा. वाचलं. तापमान एकतीस, वारा नाही, ढग नाहीत. नानांनी चष्मा लावून पुन्हा बघितलं आणि मान हलवली.

सकाळी ८.१५
खऱ्या फोल्डरचा पहिला बॅकअप. चाळीस मिनिटं लागली. मग बायकोच्या शाळेतून आणलेल्या लॅपटॉपवर उतरवायला घेतला. मध्ये एकदा दिवा लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. ही आणि नाना माझ्या मागे उभे होते. फोल्डर उघडलं. पहिल्या वर्षाची पहिली वही, पहिलं पान, नानांचं सत्तावीस वर्षांपूर्वीचं अक्षर. नानांनी स्क्रीनला हात लावला.
माझं मत तसूभरही बदललेलं नाही. प्रार्थनेने पारा हलत नाही आणि फाइलही उघडत नाही. हे आजच चव्हाट्यावर लिहिणार आहे.
ही म्हणते की त्या चाळीस मिनिटांत माझे डोळे मिटलेले होते आणि हात जोडलेले होते. डोळे झोप न झाल्यामुळे. हातांचं म्हणाल तर सकाळी गारठा फार होता.