अव्वा, तुझं नाव तिला नको

प्रिय अव्वा,

रविवारी बारसं आहे, म्हणून हे पत्र. नाहीतर मी तुला पत्र लिहीन असं कधी वाटलं होतं का! आपण आई-लेकी सोलापुरातच. तू अक्कलकोट रोडला, मी जुळे सोलापुरात. फोन लावला की तुझा आवाज, एवढं सोपं होतं सगळं.

ओट्याशी उभी राहून लिहितेय. बसवत नाही ना! बाळ झाल्यापासून ओटीपोट आणि खाली पार माकडहाडापर्यंत असं दुखतं, की मांडी घातली की डोळ्यांपुढं अंधारी येते. बारसं त्यासाठीच लांबलं. लेकराला मांडीवर घेऊन पाळण्यापाशी बसायचं कुणी?

आता सगळ्यांनी ठरवलंय, उभ्यानं का होईना, उरकून टाकू. नावही ठरवलंय. तुझंच. गौरव्वाची नात म्हणून गौरी.

तू गेलीस तेव्हा मला आठवा महिना होता. पोटुशी बाईनं मयताला जायचं नाही, म्हणून मला खोलीतच ठेवलं. "रडू नगं, पोटातल्याला लागंल," जो तो हेच सांगत होता. मी खाटेची कड धरून बसले. दात, पोट, मांड्या, सगळं आवळून. चुलतभावानं तुला मोबाईलवर दाखवलं. आपल्यात माणूस गेलं की बसवतात, तशी तुलाही भिंतीशी बसवली होती. कपाळाला विभूती, गळ्यात हार, ताठ मांडी घालून. अव्वा, तुला असं सरळ बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं!

तू कायम कलून बसायचीस. टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवताना स्टुलावर जाड घडी घालायचीस आणि सगळा भार डाव्या अंगावर टाकायचीस. जेवायला उकिडवी. मी विचारलं की म्हणायचीस, "बाईच्या जातीला येवढं तेवढं असतंयच की." माझ्या जन्मापासूनचं होतं का गं ते? तुलाही असंच दुखत होतं? एकदा तरी सांगायचंस! आता मी कुणाला विचारू?

माझं बाळंतपण सासरीच झालं. माहेरी होतंच कोण? सासूबाईंनी काही कमी केलं नाही. शेक, धुरी, डिंकाचे लाडू, सगळं केलं. रोज आंघोळ झाली की जुन्या लुगड्याचा पट्टा पोटाला बांधायच्या, आणि मीच म्हणायची, "आत्या, अजून घट्ट." वर मोबाईलवर बघून खालचे स्नायू आवळायचे व्यायाम! मला वाटायचं, जेवढं आवळेन तेवढी लवकर बरी होईन.

रडायचं तर तेव्हाही नाही. बाळंतीण रडली की म्हणे डोळे जातात, दूध नासतं. त्यात मुलगी झाली, मग काय विचारतेस! येणारी प्रत्येक बाई लेकरावर वाकून म्हणायची, "तुजी आईच आली की गं पोटी. आता कशाला रडायचं?"

खरंच, आईच परत आली म्हटल्यावर कशाला रडायचं? पण लेक रडायला लागली की माझे हात पुढं व्हायच्या आधी ओटीपोट आवळायचं. वाटायचं, तुलाच काहीतरी होतंय आणि मला तुझ्यापर्यंत जाऊ देत नाहीयेत. मग मी तिला सासूबाईंकडे द्यायला लागले. पुढं पुढं तर तिला माझ्याकडे आणताना दिसलं तरी धसका बसायचा. माझ्याच लेकराचा! हे कुणापाशी बोलायचं?

डॉक्टरांनी तपासलं. टाके भरलेत, सोनोग्राफी चांगली. "मनाचं आहे," म्हणाल्या. नवऱ्यानं ऐकून फाईल मिटली. मी घरी येऊन भांडी आपटली. मनाचं म्हणजे खोटं का? मी काय सोंग करतेय?

काल फिजिओथेरपीच्या बाईंकडे गेलो, मी आणि सासूबाई. "दुखणं खरं आहे," असं त्या आधी म्हणाल्या. तेवढ्यानंच मला निम्मं बरं वाटलं. तपासून म्हणाल्या, "हे स्नायू ढिले पडलेले नाहीत, उलट आखडलेत. आवळायचे व्यायाम बंद, पट्टाही बंद. भीती असली, दुःख दाबून ठेवलं, की अंग आखडतं. मग दुखतं. आणि दुखेल या धास्तीनं आणखी आखडतं." मग त्यांनी सहज विचारलं, "बाळंतपणात आई होती जवळ?"

सासूबाईच म्हणाल्या, "आई वारली हिची. पर आता पोटी आलीय की."

बाई माझ्याकडे वळल्या. मला म्हणाल्या, "रडलात का तुम्ही?"

"न्हाय रडू दिलं आमी," सासूबाई अभिमानानं म्हणाल्या. "येक टिपूस न्हाय."

अव्वा, मला हसूच आलं! त्या बिचारीला वाटत होतं, सुनेला आपण केवढं जपलं. जपलंच होतं म्हणा.

घरी आल्यावर त्यांनी पट्टा घडी करून कपाटात टाकला. "मला काय ठावं बाई? आमच्या टायमाला ह्येच करत हुते," म्हणाल्या. मी धीर केला.

"आत्या, नाव गौरी नको."

"का गं? तुला बरं वाटंल म्हणूनच ठरवलं की!"

"नाही वाटत बरं. ती अव्वा नाही. अव्वा मेली."

हे मी पहिल्यांदा बोलले. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, आता रागावतील. तर त्याच रडायला लागल्या! "लई चांगल्या हुत्या गं विहीणबाई. तुज्यासमोर रडायचं न्हाय म्हणून मीबी दाबूनच हाय."

मला मात्र अजून रडू येत नाही. दुखणंही तसंच आहे. वेळ लागेल म्हणाल्या बाई. लहानपणी मी भोकाड पसरलं की तू कानडीत "अळब्याड, अळब्याड" करत पाठ थोपटायचीस. रडू नको, रडू नको! तूही तेच शिकवलंस बघ. कधीतरी "रड गं पोटभर" म्हणाली असतीस, तर काय बिघडलं असतं?

उद्या तुझ्या समाधीपाशी येतेय. सासूबाई येतात म्हणाल्या, लेकराला त्या धरतील. रडू आलं तर थांबवणार नाही. नाही आलं तर पुन्हा येईन. आणि रविवारी तिच्या कानात तुझं नाव जाऊ देणार नाही. रागावू नकोस गं. तुझ्याशिवाय राहायचं कसं हे मला शिकायचंय, आणि त्या एवढ्याशा जिवाला तुझी जागा भरायला लावून ते होणार नाही.

एवढा शब्द देते. ती रडली की तू रडतेस असं समजून मी आता दचकणार नाही. तिला भूक लागली असेल. मी तिला जवळ घेईन.

तुझी,
सुमा