राजेळीची वाडी रोवेनाला

मी, आग्नेस मार्सेल तुस्कानो, वय वर्षे शहात्तर, धंदा बागायती, राहणार निर्मळ, तालुका वसई, जिल्हा पालघर, पूर्ण शुद्धीत, पोटभर न्याहारी करून आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टर क्लेमेंट परेरा यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात गुडघ्यांविषयी जे लिहिले आहे ते वाचू नये. माझे पती मार्सेल हयात असेतो कागदपत्रे त्यांच्याकडे होती, म्हणून यापूर्वी मी असे काही केलेले नाही.

१. राहते घर मुलगा गॉडफ्रे याला मिळावे. तो शाळेत भूगोल शिकवतो. फळ्यावर मान्सूनच्या दोन्ही शाखांचे बाण सुरेख काढतो, पण अंगणातली मिरची भिजू लागली तरी त्याला पत्ता नसतो. म्हणून त्याला घर, वाडी नाही. हे त्यालाही पटते. घराचा ओटा त्याने आणखी एक फूट उंच करून घ्यावा. पूर्वी दहा दिवसांत पडायचा तेवढा पाऊस आता एका दुपारी पडतो.

२. सोन्याची पोत आणि माझी लाल लुगडी मुलगी ज्युली हिला. ती पापडी गावात दिली आहे. लुगडी कापून तिने उशांचे अभ्रे शिवले तर मी वरून बघत असेन.

३. शेजारी भालचंद्र राऊत यांच्याविषयी. एका पावसाळ्यात यांनी आपला मोगरा वाचवायला आमच्या सामाईक चराला बांध घातला आणि माझी एकशे चाळीस केळी चार दिवस पाण्यात उभी राहिली. केळीला ओल हवी, पण पाय पाण्यात नकोत. मुळे कुजली, बाग आडवी झाली. दोन वर्षे मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. पुढच्या मोठ्या पावसात तेच पाणी फिरून त्यांच्या मोगऱ्यात शिरले, आणि ते फावडे घेऊन माझ्या कुंपणाशी येऊन उभे राहिले. "वहिनी, पाणी काही सातबारा वाचत नाही," म्हणाले. आम्ही दोघांनी मिळून बांध फोडला. तो चर यापुढे कोणी बुजवू नये. दर मे महिन्यात दोन्ही घरांनी मिळून उपसावा. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असे वकील म्हणाले, म्हणून भालचंद्रभावोजींना मुद्दाम साक्षीदार केले आहे.

४. वाडी. अठरा गुंठे जमीन, त्यातली राजेळी केळी, विहीर, कोयते, पहार आणि केळी वाळवायच्या बांबूच्या चटया, हे सर्व सून रोवेना हिला, तिच्या एकटीच्या नावे. याचे कारण सांगायचे तर एक खोटे कबूल करणे भाग आहे.

राजेळीची सुकेळी करायची म्हणजे पिकलेली केळी सोलून आठवडाभर उन्हात वाळवायची. हवा कोरडी लागते. माझ्या सासूबाईंचा नियम होता की दोन नोव्हेंबरचा मृतांचा दिवस झाला की नाताळापर्यंत आभाळाकडे बघायचे नाही. मी पन्नास वर्षे बघितले नाही. चार वर्षांपूर्वी, डिसेंबर नुकताच लागला होता आणि सहाशे केळी अंगणात होती, तेव्हा रोवेना फोन घेऊन आली. ती आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेली; केळे सोलून खायचे एवढेच तिला माहीत.

"मम्मी, रडारवर पाऊस दिसतोय. दोन तासांत इथे येईल. आत घेऊया का?"

"डिसेंबरात पाऊस? तुझ्या फोनला पडसं झालंय," असे म्हणून मी भाचीच्या साखरपुड्याला निघून गेले.

परत आले ती चिंब भिजून. घरातले सगळे पंखे फिरत होते. केळी माझ्या पलंगावर होती, जेवणाच्या टेबलावर होती, गॉडफ्रेच्या तपासायच्या वह्यांवर होती, आणि रोवेना हेअर ड्रायर घेऊन एकेका केळ्याला वारा घालत होती.

"मम्मी, ओरडू नका हां. अल्तारावर, येशूच्या तसबिरीपुढे, फक्त वीसच ठेवलीत."

मी ओल्या लुगड्यानिशी खुर्चीत बसले आणि पोट दुखेपर्यंत हसले.

त्या नाताळात सुकेळी खाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी सांगितले की पावसाचा वास मला सकाळीच आला होता. हे साफ खोटे होते. फादरांपुढेही ते कबूल केले नाही, कारण ते स्वतःच अर्धा डझन खाऊन मला शाबासकी देऊन गेले होते. आता लिहून देते की केळी रोवेनाने वाचवली. तेव्हापासून वाडीतले सगळे निर्णय ती घेते आणि मान माझी ताठ असते.

तिला आता वाडीत पारदर्शक छपराची शेड बांधायची आहे, म्हणजे अवकाळी पाऊस आला तरी सुकेळी वाळेल. शेडसाठी सरकारी अनुदान मिळते, पण त्या अर्जाला सातबाऱ्यावर तिचे नाव लागते. "माझ्यामागे वाडी तुझीच आहे, तेव्हा बांध," असे मी गेल्या आठवड्यात तिला सांगितले. ती हसली. म्हणाली, "मम्मी, तुम्ही शंभर वर्षं जगा. पण पाऊस तोपर्यंत थांबणार नाही ना."

इथवर लिहून मी पेन खाली ठेवले. बाहेर ती एका हाताने चटई ओढत होती आणि दुसऱ्या हातातल्या फोनकडे बघत होती. या पोरीवर माझा फार जीव आहे, आणि मी तिला माझ्या मरणासाठी थांबवून ठेवले आहे.

५. सबब वरील कलम चार मी स्वतः रद्द करते. वाडी मृत्युपत्राने द्यायची नाही. सोमवारी गॉडफ्रेच्या स्कूटरवर मागे बसून निबंधक कचेरीत जाईन आणि वाडी रोवेनाला बक्षीस करीन. मंगळवारपासून मी तिच्या वाडीतली मजूर. ती सांगेल तेव्हा केळी उन्हात घालीन, ती सांगेल तेव्हा आत घेईन. पुढच्या नाताळात शेडमधली पहिली सुकेळी मला चाखायची आहे, तोवर या मृत्युपत्राची कोणी घाई करू नये.

ठिकाण: निर्मळ
दिनांक: ५ डिसेंबर २०२५

लिहून ठेवणार: आग्नेस मार्सेल तुस्कानो (सही)

वरील सही आमच्या समक्ष झाली. बाई शुद्धीत होत्या आणि हसत होत्या.

साक्षीदार:
१. डॉ. क्लेमेंट परेरा (सही)
२. भालचंद्र राऊत (सही)